नॉर्थ डकोटाचा घसरलेला हंगाम आणि पुढची खेळाडूभरती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हॉकी म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे ध्यानचंद आणि हिरवं मैदान येतं. इथली हॉकी बर्फावरची आहे: २०० फूट लांब, ८५ फूट रुंद रिंक, काळी रबरी पक आणि वीस-वीस मिनिटांचे तीन पिरियड. अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या पहिल्या श्रेणीत पुरुषांचे साठाहून थोडे अधिक संघ आहेत. त्यांपैकी नॉर्थ डकोटा विद्यापीठाचा २०२४-२५ चा हंगाम आणि त्यानंतरची भरती हा या पानाचा विषय.

नॉर्थ डकोटाच का?

कारण तिथे हॉकी हाच पहिला खेळ आहे. बहुतेक मोठ्या विद्यापीठांत फुटबॉल आणि बास्केटबॉल आधी जेवतात आणि हॉकीच्या ताटात उरलेलं येतं. ग्रँड फोर्क्स या छोट्या शहरात उलटं आहे. रॅल्फ एंगेलस्टॅड अरेना २००१ मध्ये उघडला. देणगीच्या पैशातून उभ्या राहिलेल्या या वास्तूत साडेअकरा हजारांहून जास्त प्रेक्षक बसतात. संघाच्या नावावर आठ राष्ट्रीय विजेतेपदं आहेत: १९५९, १९६३, १९८०, १९८२, १९८७, १९९७, २००० आणि २०१६. अशा ठिकाणी ‘बरा’ हंगाम पुरत नाही.

२१ सामने जिंकले, मग हंगाम घसरला असं का म्हणायचं?

हिशेब होता २१ विजय, १५ पराभव, २ बरोबरी. दुसऱ्या एखाद्या विद्यापीठात यावर पेढे वाटले असते. पण एनसीएए (कॉलेज खेळ चालवणारी अमेरिकेतली संस्था) भरवते त्या राष्ट्रीय स्पर्धेत फक्त १६ संघ जातात आणि नॉर्थ डकोटा त्यांत नव्हता. आदल्याच वर्षी, २०२३-२४ मध्ये, याच संघाने आपल्या एनसीएचसी लीगचा साखळी करंडक जिंकला होता. २०२५ मध्ये तो लीगच्या उपांत्य फेरीत वेस्टर्न मिशिगनकडून हरला आणि हंगाम तिथेच संपला. त्याच वेस्टर्न मिशिगनने पुढे बोस्टन युनिव्हर्सिटीला ६-२ हरवून राष्ट्रीय विजेतेपद घेतलं. हरलो ते विजेत्यांकडून, एवढंच समाधान.

१६ संघ ठरतात कसे? ‘पेअरवाइज’ हा शब्द सारखा ऐकू येतो.

सहा लीगचे विजेते आपोआप आत येतात आणि उरलेल्या दहा जागा क्रमवारीने भरतात. लीगविजेत्यांपैकी काही क्रमवारीत बरेच खाली असतात, त्यामुळे १५ वा किंवा १६ वा क्रमांक असूनही संघ बाहेर राहू शकतो. सुरक्षित राहायचं तर पहिल्या बारा-तेरात असावं लागतं.

२०२४-२५ पर्यंत ही क्रमवारी पेअरवाइज पद्धतीने निघत होती. तिच्या मुळाशी असलेल्या आरपीआय आकड्यात आपल्या स्वतःच्या विजयांचं वजन फक्त २५ टक्के. बाकी सगळं प्रतिस्पर्धी किती जिंकले आणि त्यांचे प्रतिस्पर्धी किती जिंकले यावर. शिवाय परक्या रिंकवरच्या विजयाला १.२ आणि घरच्या विजयाला ०.८ असं वजन. म्हणजे ऑक्टोबरमध्ये घरच्या रिंकवर दुबळ्या संघाकडून पत्करलेला एक पराभव मार्चपर्यंत दातात अडकलेल्या सुपारीसारखा टोचत राहतो. २०२५-२६ पासून पेअरवाइजच्या जागी एनपीआय हे नवं सूत्र आलं. पण प्रतिस्पर्ध्याचं बळ मोजायचं, हा गाभा तोच.

व्यवहारात काय पाहावं? ऑक्टोबर-नोव्हेंबरमधले लीगबाहेरचे सामने. जानेवारीनंतर संघ आपापल्या लीगमध्येच खेळतात, तेव्हा लीग-लीगमधली तुलना जवळपास गोठलेली असते. डिसेंबरअखेर क्रमवारीत विसाव्या जागी असलेल्या संघाला वर यायला नुसतं जिंकून भागत नाही, जवळजवळ सगळंच जिंकावं लागतं.

नेमकं बिघडलं कुठे?

लोक एखाद्या रात्रीच्या चुकीवर बोट ठेवतात. आमच्या मते घसरलेला हंगाम बहुधा दोन-तीन वर्षं आधीच्या भरतीत पेरलेला असतो, दिसतो उशिरा. २०२४ च्या वसंतात आघाडीपटू जॅक्सन ब्लेक एनएचएल या व्यावसायिक लीगमधल्या कॅरोलिना हरिकेन्सशी करार करून गेला. २०२३-२४ मध्ये त्याचे ४० सामन्यांत ६० गुण (गोल आणि गोलाला दिलेले पास मिळून) होते. रीस गेबर आणि गोलरक्षक लुडविग पेर्सन यांची कॉलेजची वर्षं त्याच सुमारास संपली. असे तीन खांब एकदम निघाले की घर लगेच पडत नाही, पण वाकतं.

ब्लेकसारखा खेळाडू गेला की फक्त त्याचे गोल जात नाहीत. पॉवर-प्लेवर (समोरचा खेळाडू शिक्षा होऊन बाहेर असताना) प्रतिस्पर्ध्याचा बचाव त्याच्याकडे सरकतो आणि दुसऱ्या बाजूचा माणूस मोकळा होतो. तो गेल्यावर तोच दुसरा माणूस पहिल्या लाइनवर (एकत्र उतरणाऱ्या तीन आघाडीपटूंच्या गटात) येतो आणि त्याला समोरच्या संघाची सगळ्यात चांगली बचाव जोडी भेटते. मागच्या वर्षी तिसऱ्या जोडीविरुद्ध गोल करणारा आता पहिल्या जोडीपुढे अडखळतो. यात त्याचा दर्जा घटलेला नसतो, कामाची जात बदललेली असते.

थोडं आकड्यांत सांगता येईल का?

येईल, आणि यात जादू काही नाही. ३८ सामन्यांचा हंगाम घ्या, आणि दर सामन्यात समोरच्या संघाचे २८ फटके गोलकडे येतात असं धरा. एकूण १,०६४ फटके. गोलरक्षक ०.९१५ दराने अडवत असेल तर सुमारे ९० गोल होतात आणि ०.९०० दराने १०६. फरक १६ गोलांचा. पडद्यावर हा फरक दिसतच नाही, कारण तो जवळपास अडीच सामन्यांत एक गोल एवढाच असतो. पण कॉलेज हॉकीत एका गोलाने ठरणारे सामने पुष्कळ असतात, आणि त्यांतले चार-पाच उलटे पडले की मार्चमध्ये घरी बसावं लागतं.

पॉवर-प्लेचंही असंच. दर सामन्यात साडेतीन संधी धरल्या तर हंगामात १३३. २४ टक्के यश म्हणजे ३२ गोल, १७ टक्के म्हणजे २३. इथे आणखी नऊ गोल गेले. (हे आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत, त्या हंगामाची नोंद नव्हे.)

म्हणूनच घसरलेल्या हंगामाचं निदान करताना क्रम असा ठेवावा: आधी गोलरक्षण, मग पॉवर-प्ले आणि पेनल्टी किल (आपला खेळाडू बाहेर असतानाचा बचाव), मग पाच-विरुद्ध-पाच खेळात फटक्यांचा हिस्सा. फटक्यांचा हिस्सा ५२ टक्क्यांच्या वर असूनही संघ हरत असेल तर मुख्य दुखणं गोलरक्षकाचं किंवा नशिबाचं. हिस्साच ४७ वर आला असेल तर नवा गोलरक्षक आणून काही होणार नाही. तिथे बचावपटू पक घेऊन आपल्या भागातून बाहेर पडू शकत नाहीत, आणि त्यावर उपाय भरतीचाच.

एका खराब हंगामावर कोच ब्रॅड बेरी यांना का काढलं?

एका हंगामावर नाही. बेरी २०१५ मध्ये मुख्य कोच झाले आणि पहिल्याच हंगामात, २०१६ मध्ये, विजेतेपद आणलं. त्यानंतरचा हिशेब मात्र खुपणारा आहे. २०१८, २०१९, २०२३ आणि २०२५ मध्ये राष्ट्रीय स्पर्धेत प्रवेशच नाही. २०२० ची स्पर्धा कोविडमुळे झालीच नाही, आणि त्या वर्षी संघ जबरदस्त होता, हे दुर्दैव. २०२१ मध्ये फार्गोला मिनेसोटा डुलुथविरुद्ध पाच ओव्हरटाइमनंतर ३-२ हार, जी या स्पर्धेतली सर्वात लांबलेली लढत. २०१६ च्या विजेतेपदानंतर बेरींच्या संघाने राष्ट्रीय स्पर्धेत फक्त एक सामना जिंकला. साखळीत चांगला आणि मार्चमध्ये रिकामा, असा हा नमुना होता. मार्च २०२५ मध्ये विद्यापीठाने त्यांना दूर केलं आणि दीर्घकाळचे सहायक कोच डेन जॅक्सन यांना मुख्य कोच केलं. जॅक्सन याच संघाचे माजी खेळाडू.

घरचाच माणूस नेमला, तर बदल काय झाला?

रास्त शंका. पण बाकीची रचना बदलली. डिलन सिम्पसन आणि मॅट स्मेबी हे माजी खेळाडू सहायक म्हणून आले, आणि ब्रिन चायझिक यांना जनरल मॅनेजर नेमलं. कॉलेज हॉकीत हे पद नवं आहे. पूर्वी सहायक कोचच रिंकारिंकांवर हिंडून खेळाडू हेरायचा, आई-वडिलांशी बोलायचा, स्कॉलरशिपची वाटणी करायचा आणि सोमवारी सराव घ्यायचा. ट्रान्सफर पोर्टल (विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी), एजंट, पैसे आणि कॅनडाचा नवा बाजार आल्यावर हे एका माणसाच्या आवाक्याबाहेर गेलं.

कोच बदलताना भरतीत घसरगुंडी होते ती बहुधा नात्यांची. मुलगा विद्यापीठाला हो म्हणतो तेव्हा खरं तर दोन वर्षं फोन करणाऱ्या एका सहायकाला हो म्हणत असतो. तो सहायक गेला की ‘हो’ सैल होतं. आतला माणूस नेमण्याचा व्यावहारिक फायदा हाच की फोन करणारा आवाज ओळखीचा राहतो.

भरती कधी सुरू होते? तारखा सांगा.

पुरुष हॉकीत दहावीच्या वर्षातल्या १ जानेवारीपासून कोच खेळाडूशी भरतीबद्दल बोलू शकतो. अकरावी सुरू होण्याआधीच्या १ ऑगस्टपासून तोंडी ऑफर देता येते आणि विद्यापीठाला भेटी सुरू होतात. या मर्यादा २०१९ मध्ये आल्या. त्याआधी चौदा वर्षांची पोरं ‘कमिट’ होत, आणि त्यांतली कितीतरी त्या विद्यापीठात कधी खेळलीच नाहीत.

‘कमिट’ झाला म्हणजे पक्कं का?

नाही. तोंडी शब्द कोणालाच बांधत नाही, ना खेळाडूला, ना विद्यापीठाला. साखरपुडाही नव्हे, बघण्याचा कार्यक्रम पसंतीने पार पडला इतकंच. पूर्वी नॅशनल लेटर ऑफ इंटेंट नावाचा करार असे. तो ऑक्टोबर २०२४ मध्ये रद्द झाला आणि आता आर्थिक मदतीचा लेखी करार तेच काम करतो. म्हणून कमिट खेळाडूंची यादी वाचताना दोन गोष्टी विचाराव्यात: सही झाली का, आणि येणार कोणत्या वर्षी? दुसरा प्रश्न लोक हमखास विसरतात. यादीतला अर्धा माल दोन वर्षांनंतरचा असतो.

सीएचएलचा नियम बदलला म्हणजे काय झालं?

गेल्या काही दशकांतला या खेळातला सगळ्यात मोठा बदल. कॅनडाच्या सीएचएल या ज्युनिअर (साधारण १६ ते २० वर्षांच्या मुलांच्या) हॉकी संघटनेत ओएचएल, डब्ल्यूएचएल आणि क्यूएमजेएचएल अशा तीन लीग आणि साठच्या आसपास संघ आहेत. तिथे खेळाडूंना भत्ता मिळतो आणि एनएचएलशी करार केलेली मुलंही खेळतात, म्हणून एनसीएए त्यांना व्यावसायिक मानत असे. सोळाव्या वर्षी तिथे एक सामना खेळला तरी अमेरिकी कॉलेजचं दार जवळपास बंद. ७ नोव्हेंबर २०२४ ला एनसीएएच्या पहिल्या श्रेणीच्या परिषदेने हा नियम बदलला आणि १ ऑगस्ट २०२५ पासून दार उघडलं. एनएचएलचा करार केलेला खेळाडू मात्र अजूनही येऊ शकत नाही. नुसता ड्राफ्ट झालेला, म्हणजे एनएचएल संघाने निवडून ठेवलेला, चालतो.

याचा अर्थ असा की २०२५ च्या उन्हाळ्यात घसरलेल्या संघाला पूर्वीसारखी तीन वर्षं थांबण्याची गरज उरली नाही. डब्ल्यूएचएलच्या व्हिक्टोरिया रॉयल्सकडून बचावपटू कीटन व्हर्होफ आणि सेंटर (मधला आघाडीपटू) कोल रेश्नी नॉर्थ डकोटाकडे आले. रेश्नीला कॅल्गरी फ्लेम्सने २०२५ च्या ड्राफ्टमध्ये १८ व्या क्रमांकावर निवडलं होतं. व्हर्होफचा ड्राफ्ट त्यानंतरच्या वर्षीचा. यूएसएचएल या अमेरिकी ज्युनिअर लीगमधल्या ग्रीन बेकडून विल झेलर्स आला. पण बाजार सगळ्यांनाच खुला झाला होता: त्याच उन्हाळ्यात गॅव्हिन मकेना आणि पोर्टर मार्टोन हे सीएचएलमधले तारे अनुक्रमे पेन स्टेट आणि मिशिगन स्टेट विद्यापीठांत गेले.

मोठी नावं आली म्हणजे काम झालं?

इथेच चाहते फसतात. सतरा-अठरा वर्षांचा हुशार मुलगा २३-२४ वर्षांच्या दाढीवाल्या बचावपटूसमोर खेळतो. कॉलेज हॉकीत बरेच खेळाडू शाळेनंतर दोन वर्षं ज्युनिअरमध्ये घालवून वीस-एकविसाव्या वर्षी पहिल्या वर्गात येतात. त्यामुळे संघाचं सरासरी वय हा आकडा गुणांइतकाच बोलका असतो. कुंपणाला टेकून पकसाठी झुंज चालते तेव्हा चलाखीपेक्षा पाच-सात किलो वजन जास्त कामी येतं, आणि मार्चमधली हॉकी बरीचशी कुंपणालाच टेकून खेळली जाते.

दुसरं, ही मुलं पाहुणी असतात. पहिल्या फेरीत ड्राफ्ट होणारा खेळाडू एक, फार तर दोन हंगाम राहतो. म्हणजे भरती दरवर्षी नव्याने. टिकणारा संघ हवा असेल तर दोन-तीन तारे, सात-आठ चार वर्षं थांबणारे आणि एक भरवशाचा गोलरक्षक, असं मिश्रण लागतं. हे मधले सात-आठ कोण, हे कुठल्याही भरती-क्रमवारीत दिसत नाही.

२६ खेळाडूंच्या मर्यादेचा काय परिणाम?

पूर्वी पुरुष हॉकीत १८ स्कॉलरशिपची मर्यादा होती आणि त्या तोडून वाटता येत: कोणाला पूर्ण, कोणाला अर्धी, कोणाला फक्त पुस्तकं. जून २०२५ मध्ये न्यायालयाने एनसीएएविरुद्धच्या, खेळाडूंच्या मोबदल्याबद्दलच्या हाउस खटल्याची तडजोड मंजूर केली. तिच्यात सामील झालेल्या विद्यापीठांना आता २६ खेळाडू ठेवता येतात आणि सगळ्या २६ जणांना स्कॉलरशिप देता येते. साधारण वाटणी १५ आघाडीपटू, ८ बचावपटू, ३ गोलरक्षक. एका रात्री चार लाइनमध्ये १२ आघाडीपटू आणि तीन जोड्यांत ६ बचावपटू उतरतात, वर एखादा जादा.

जानेवारीत दोन बचावपटू जखमी झाले की हे २६ किती तोकडे आहेत ते कळतं. पूर्वी २८-२९ जण असत, त्यांतला कोणी तरी उभा राही. आयव्ही लीगची विद्यापीठं या तडजोडीत नाहीत आणि खेळाची स्कॉलरशिप देतही नाहीत. तिथलं गणित निराळं.

ट्रान्सफर पोर्टल मदत करतं की खड्डा पाडतं?

दोन्ही. एप्रिल २०२४ पासून अभ्यासात पात्र असलेला खेळाडू कितीही वेळा विद्यापीठ बदलू शकतो, वर्षभर बसून राहावं लागत नाही. नॉर्थ डकोटाने २०२५ मध्ये साशा बोइसव्हेर गमावला. एनएचएलच्या शिकागोने २०२४ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या फेरीत घेतलेला हा सेंटर बोस्टन युनिव्हर्सिटीला गेला. पोर्टलमधून गोलरक्षक आणि तिसऱ्या-चौथ्या लाइनचे अनुभवी खेळाडू चांगले मिळतात. पहिल्या लाइनचा सेंटर क्वचित मिळतो, कारण तो असलेलं विद्यापीठ त्याला सहसा सोडत नाही. पोर्टलवरच संघ उभा करणाऱ्याला दर वसंतात तोच खड्डा पुन्हा भरावा लागतो.

पैशाचं काय?

तडजोडीनुसार २०२५-२६ साठी एका विद्यापीठाला खेळाडूंत वाटायची कमाल रक्कम साधारण २ कोटी ५ लाख डॉलर, सगळे खेळ मिळून. तिचा मोठा भाग बहुतेक ठिकाणी फुटबॉलकडे जातो. कॅनडाच्या मुलांना आणखी एक अडचण: विद्यार्थी व्हिसावर अमेरिकेत राहून जाहिरातीचं काम करून पैसे कमावण्यावर बंधनं आहेत. भरतीच्या बैठकीत याचं उत्तर तयार नसेल तर मुलाचा सल्लागार पहिल्या पाच मिनिटांत ते विचारतो आणि बैठक तिथेच थंडावते.

एखादा संघ सावरतोय की नाही हे बाहेरून कसं ओळखायचं?

मे महिन्यात बघा: कोण परत येतंय. पहिल्या चार बचावपटूंपैकी तीन परतत असतील तर अर्धी लढाई जिंकली. ऑगस्टमध्ये गोलरक्षकांची वयं आणि त्यांनी ज्युनिअरमध्ये खेळलेले सामने बघा. एकोणीस वर्षांचा एकटा गोलरक्षक आणि मागे कोणी अनुभवी नाही, ही धोक्याची खूण. नोव्हेंबरमध्ये शुक्रवार-शनिवारच्या जोडसामन्यांत शनिवारचा खेळ बघा. शुक्रवारी ताकद दिसते आणि शनिवारी संघात खालपर्यंत किती दम आहे ते, कारण तेव्हा तिसरी-चौथी लाइन किती मिनिटं उचलते त्यावर सामना ठरतो. उन्हाळ्यातल्या भरती-क्रमवारीला मात्र आम्ही फारसं महत्त्व देत नाही.

आमचा मुलगा मिनेसोटात खेळतो. मराठी घरातल्या पालकांनी काय लक्षात ठेवावं?

अभ्यासाच्या अटी आधी बघा. पहिल्या श्रेणीसाठी हायस्कूलचे १६ मुख्य विषय आणि त्यांत (४ पैकी) किमान २.३ सरासरी लागते. १६ पैकी १० विषय बारावी सुरू होण्याआधी झालेले हवेत. एसएटी आता एनसीएएला लागत नाही, पण विद्यापीठाला लागू शकते. एनसीएएच्या पात्रता केंद्रात नोंदणी वेळेवर करा.

मग वर्षांचा हिशेब. बारावीनंतर थेट कॉलेज, हे आपलं गृहीतक इथे चालत नाही. यूएसएचएल, एनएएचएल किंवा कॅनडातल्या लीगमध्ये एक-दोन वर्षं खेळून मग प्रवेश, ही इथली सरळ वाट आहे. नातेवाईक ‘वर्ष वाया गेलं का?’ विचारतील, तयारी ठेवा.

आणि घसरलेल्या संघाकडून ऑफर आली तर लगेच नाक मुरडू नका. तिथे पहिल्याच वर्षी बर्फावर मिनिटं मिळण्याची शक्यता जास्त असते. मात्र कोचचा करार किती वर्षांचा उरलाय आणि मुलाच्या जागेवर खेळणारे किती जण पुढच्या दोन वर्षांत बाहेर पडतायत, हे सहीआधी तोंडावर विचारा. चांगला कोच कागद काढून दाखवतो.